माझ्यावर गुडघे टेकायचे, इस्त्री नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावे असा रिवाज आहे, पण मला ते जमायचे नाही. मी रागावले आहे, आणि कोणावर ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझी लोकर लोणी भापकरच्या गेणू धनगराच्या काळ्या मेंढ्यांची. सुप्याच्या सणगराने मला मागावर विणले, चिंचोक्यांची खळ लावून उन्हात वाळवले. गेणूच्या दोन्ही पोरांना कऱ्हाटीच्या योनामास्तरांनी अक्षरओळख करून दिली होती, म्हणून त्याने मला मास्तरांच्या खांद्यावर टाकले. गावात ख्रिस्ती घर तेवढे एकच. तिन्हीसांजेला मास्तर मला जमिनीवर अंथरत आणि घरची सगळी माणसे माझ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करत. मी टोचते. टोचायलाच हवे. त्यामुळे कोणाला डुलकी येत नसे.

मास्तरांचा एक नियम होता. प्रार्थना सर्वांत लहानाने आधी करायची, आणि तीही स्वतःच्या शब्दांत. मोठ्यांनी आधी केली तर पोरे त्यांचेच शब्द पुन्हा म्हणतात, असे ते सांगत. त्यांचा मुलगा शांतवन पाच वर्षांचा असताना एकदा म्हणाला, "देवा, आमची शेळी वाट चुकली हाय. तिला घर दाखव. आन आईचा खोकला थांबव. आमेन."

दारात टेकलेला गेणू हे ऐकून म्हणाला, "मास्तर, तुमचा देव पोरांचं आधी ऐकतो व्हय?"

"पोरं खरं बोलत्यात ना, गेणूराव," मास्तर म्हणाले. त्या दिवशी मला माझ्या टोचण्याचासुद्धा अभिमान वाटला.

शांतवन मोठा झाला आणि बारामतीत एका कचेरीत कारकून लागला. अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सलोमीशी त्याचे लग्न झाले तेव्हा मास्तरांनी मला त्याच्या हाती दिले आणि "रोज अंथर" एवढेच सांगितले. त्याने वर्षभर अंथरले. मग लेक झाली, तिचे नाव सुवार्ता ठेवले. मग सोफा आला, टीव्ही आला, तिन्हीसांजेला मालिका आल्या, आणि माझी घडी घालून मला टेबलावर ठेवले. कशाला, ठाऊक आहे? इस्त्रीला! दर रविवारी चर्चला जायचा शर्ट माझ्यावर कडक व्हायचा. एकदा हा गृहस्थ इस्त्री माझ्यावरच ठेवून बातम्या बघत बसला आणि मला भोक पडले. मला ना तळपाय ना मस्तक, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. शर्ट कडक, बूट चकचकीत, आणि लेकीने विचारले, "पप्पा, प्रार्थना कशी करतात?" की उत्तर ठरलेले, "रविवारच्या शाळेत चंद्राबाई शिकवतील."

१९९७ च्या जानेवारीत योनामास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारामतीला आले. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "घोंगडी कुठं हाय?" सलोमीने ओशाळून मला अंथरले. मास्तरांना नीट दिसत नव्हते. ते हाताने मला चाचपत होते, आणि त्यांचे बोट नेमके त्या भोकात गेले. ते तसेच माझ्यावर गुडघे टेकून बसले. शांतवन मात्र सोफ्यावरच बसला. पँटला लोकर चिकटते म्हणे!

"सुवार्ता, तू सगळ्यांत ल्हान. आबाच्या डोळ्यासाठी तू प्रार्थना कर."

नऊ वर्षांची पोर बापाकडे बघू लागली. "मला येत नाही, आबा."

"नाताळच्या नाटकात हुतीस न्हवं तू?"

"मी मेंढरू होते. मला फक्त बें करायचं होतं."

शांतवनचा चेहरा लाल झाला. "त्या चंद्राबाईंना जाऊन विचारतोच! एवढी वर्षं शिकवलं तरी काय?"

"त्या बाईकडं पोर आठवड्याचा एक तास असती," मास्तर म्हणाले. "बाकीचा येळ कुणाकडं असती? आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार? कर, तूच कर."

शांतवनने हात जोडले, डोळे मिटले. "हे परमेश्वरा, विनंती करण्यात येते की, आमच्या वडिलांच्या डोळ्यांबाबत आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही व्हावी..." आणि तिथेच त्याची गाडी अडली.

"पप्पा, हा तर अर्ज झाला," सुवार्ता म्हणाली. ती हसली नाही. तिने मनापासून विचारले, "तुम्हाला कुणी शिकवलंच नाही का?"

मास्तरांनी मान खाली घातली. मित्रांनो, ज्या माणसाने या पोराला माझ्यावर बसवून वर्षानुवर्षे शिकवले, त्याच्या समोर हा प्रश्न आला! "मला उद्याचं भ्या वाटतंय रे," ते हळूच म्हणाले. "नातीच्या तोंडनं ऐकावं म्हणून आस धरून आलो हुतो." आणि भिंत धरत आतल्या खोलीत गेले. मला हात असते तर मी शांतवनच्या कानाखाली वाजवली असती.

सकाळी आठला रिक्षा यायची होती. सलोमीने शांतवनपुढे चहा ठेवला. त्याने मला टेबलावर पसरून इस्त्री तापत ठेवली होती. आतून मास्तरांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. काय मनात आले कोण जाणे, त्याने बटण बंद केले, मला खाली अंथरले आणि चुरगळलेल्या शर्टानेच माझ्यावर बसला.

"सुवार्ता, इकडे ये. मला आबांनी शिकवलं होतं. मीच तुला शिकवलं नाही." त्याने तिला जवळ बसवले. "तुला आत्ता कशाची भीती वाटते?"

"आबांचा डोळा फुटेल याची."

"मग तेच देवाला सांग. माझ्याकडे बघू नकोस."

तिने डोळे घट्ट मिटले. "देवा, आबांचा डोळा फुटू देऊ नकोस. ते घाबरलेत. मी पण घाबरलेय. आमेन."

"आमेन!" आतून मास्तरांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

माझा राग गेला असे वाटले तुम्हाला? मुळीच नाही. मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, एवढे मागणे कोणतीही घोंगडी करील. माझे मागणे तुम्हा आईवडिलांकडे आहे. पाळकसाहेब आहेत, चंद्राबाई आहेत, असे म्हणून लेकरांना दुसऱ्याच्या दारात उभे करू नका. तुम्हीच खाली बसा, टोचले तरी बसा. त्या सकाळचे सगळे काम शांतवनच्या कपातला चहा निवायच्या आत झाले. तेवढ्यासाठी त्याने पोरीला नऊ वर्षे ताटकळत ठेवले होते.