दाताचं रोप

दंतवैद्याच्या पत्रकाच्या अरबी भाषांतरात तिने ‘जिराअत’ हा शब्द तिसऱ्यांदा खोडला आणि त्याजागी ‘गर्सा’ टाइप केला. फोनवर भाषांतर तपासणारे सर समाधानाने खाकरले.

“जिराअत म्हणजे लागवड, ती शेतात असते, बाई, तोंडात नाही. हाडात बसवायच्या कृत्रिम दाताला अरबी कोशात गर्सा म्हटलंय. गर्सा म्हणजे रोप.”

“पण सर, पेशंट सगळे जिराअतच म्हणतात. पत्रक त्यांच्यासाठीच आहे ना?”

“मग त्यांना शिकू दे.”

फोन ठेवून तिने कीबोर्ड असा ढकलला की कपातला चहा हिंदकळला. चार पानी पत्रक, महिनाभर डोकेफोड. हिरडी, दातातली नस, जबड्याचं हाड, एकही शब्द सरांच्या लाल रेघेतून सुटला नव्हता. आणि वर छापलं जाणार ते सरांचंच म्हणणं.

पत्रक छापून झालं आणि आठवड्यातच दंतवैद्याने तिला बोलावून घेतलं. एक अरबी आजी ते वाचून खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. दवाखान्याचा जिना चढताना सरांना काय काय सुनवायचं, ते ती मनात जुळवत होती.

आजी बाकावर बसली होती, मांडीवर पत्रक. शेजारी तिचा मुलगा उभा.

“कुठला शब्द अडला, आजी?” तिने अरबीत विचारलं.

“एकही नाही. चांगलं लिहिलंयस, पोरी.” आजीने गर्सावर बोट ठेवलं. “रोप लावायचं, ते हाडात धरेपर्यंत महिनेच्या महिने थांबायचं, मग त्यावर दात. या वयात मी रोपं कसली लावू? मला कवळी पुरे, आत्ता चावून खायचंय.”

मुलगा हलकेच म्हणाला, “डॉक्टरांना सांगा, शब्द कळला नाही. घरी नेऊन रोपासाठी तिचं मन वळवतो मी.”

“काय म्हणतायत या?” दंतवैद्याला अरबी येत नव्हती.

शब्द कळला नाही, एवढंच तर सांगायचं होतं. सरांचीही जिरली असती.

“शब्द बरोबर आहे,” ती म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच चिडका वाटला. “त्यांना सगळं कळलंय. त्यांना कवळी हवीय.” मग तेच तिने अरबीतही सांगितलं.

मुलगा तोंड फिरवून खिडकीशी गेला. आजीने गुडघ्यांवर हात टेकले, उठली आणि कुणी न सांगता खुर्चीत जाऊन बसली.