आज मला काय झालंय?

"हं, आज मला काय झालंय?" बाबांनी विचारलं आणि चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. पेशंट व्हायचं असलं की ते चष्मा काढत.

"क्षयरोग," मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाले. "काळजी करू नका, सहा महिने गोळ्या घेतल्या की बरं वाटेल."

"चार. दहापैकी." चष्मा पुन्हा चढला. "उभ्या उभ्या सांगितलंस, त्याचे दोन गेले. मला काय ठाऊक आहे ते विचारलं नाहीस, त्याचे तीन. आणि हातात भाजीचा डाव! त्याचा एक."

हे श्यामकांत, माझे सासरे. त्यांचा जन्म गेला भुसावळला, रेल्वेच्या सिग्नल विभागातल्या पोरांच्या तोंडी परीक्षा घेण्यात. सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, अजेयनं त्यांना इकडे आणलं, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. अख्ख्या कोलकात्यात त्यांना मराठी बोलायला आम्ही दोघंच. आणि मी ही अशी, चाळिशीत कॉलेजला निघालेली! एका ख्रिश्चन कॉलेजात आरोग्य संवादाचा एक वर्षाचा कोर्स. आजाराबद्दल माणसाला त्याला समजेल असं कसं सांगायचं, ते शिकायचं. नणंद फोनवर हसली होती, "बोलायला काय शिकायचं गं?" मलाही आधी तसंच वाटलं होतं.

आधी प्रार्थना, मग बिस्वास मॅडमचा तास. वाईट बातमी सांगायची तर आधी बसा. पेशंटला काय ठाऊक आहे ते विचारा. आजाराचं नाव घ्या. आणि मग गप्प बसा, मनात दहापर्यंत आकडे मोजा. "सब लोग पाँच में ही बोलने लगता है," मॅडम म्हणायच्या.

घरी रोज संध्याकाळी सराव. बाबांना मधुमेह झाला, कावीळ झाली, डेंगी तर दोनदा झाला. मार्क ते माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट लिहीत. सातच्या वर मी कधी गेले नाही. "आकडे मोजत नाहीस तू," ते म्हणत. "नुसती घाई!"

मग त्यांचं पोट खरंच दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला अजेय एकटाच गेला आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून त्यानं दार लोटलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. तीन-चार महिने.

"बाबांना अल्सर सांगू," तो म्हणाला. "आईलाही तेच सांगितलं होतं."

"अरे, पण मी तिथे हेच तर..."

"कॉलेजातलं कॉलेजात ठेव, मंजू. हात जोडतो तुला. कळलं तर हाय खातील ते."

ओट्याला टेकून तो रडला. मी शब्द दिला. काय करणार? बाप त्याचा होता.

त्या दिवसापासून सराव बंद. रोज नवी सबब. आज डोकं दुखतंय, उद्या कपडे वाळत घालायचेत. कॉलेजात मात्र शहाण्यासारखी टिपणं काढत बसायची. प्रार्थनेला डोळे मिटले की बाबांचा चष्मा दिसायचा. माझी मलाच लाज वाटायची.

नवव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी हाक मारली. "मंजू, वही घेऊन ये."

"भाजी करपेल, बाबा."

"गॅस बंद कर."

मी गेले. चष्मा टीपॉयवर होता.

"आज मला काय झालंय?"

मी उगाच वहीची पानं उलटत राहिले.

"आठ दिवस झाले, माझ्यावर सराव नाही. आणि अजेय! जन्मात कधी सुरी हातात धरली नाही, तो मला सफरचंद सोलून देतो." त्यांनी सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं. "प्रेमलताला मी शेवटपर्यंत अल्सरच सांगितला. ती 'बरं' म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. तिला कळत होतं गं. कुणाला भेटायचं असेल, मला काही सांगायचं असेल. मी तिला बोलूच दिलं नाही. माझं तसं करू नकोस."

मी खुर्ची ओढून बसले.

"बाबा, तुम्हाला काय ठाऊक आहे?"

"अल्सर नाही, एवढं."

"कॅन्सर आहे. स्वादुपिंडाचा. पसरलाय."

मग गप्प. एक. दोन. तीन. नदीवर कुठल्याशा जहाजाचा भोंगा वाजला. चारलाच माझा बांध फुटला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. पुढचे आकडे तेच पुटपुटत होते. पाच. सहा. दहापर्यंत.

"किती दिवस?"

"तीन-चार महिने म्हणतात."

"हं."

बऱ्याच वेळानं मी वही पुढे केली. का केली, कोण जाणे. सवयच ती. त्यांनी ती न उघडता माझ्या हातात परत दिली.

"आज नाही. पेशंट कुठे मार्क देतो?"

बाहेर अजेयची स्कूटर थांबली. "मी त्याला शब्द दिला होता, बाबा."

"त्याला मी सांगतो. तू नको."

त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला. मग एक हात पोटावर दाबून उठले आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची स्वतःच ओढत आणून आपल्या समोर ठेवली.

"बाबा, आज संत्री आणलीत बघा, सोलून देतो," अजेय दारातूनच म्हणाला.

"पिशवी ठेव खाली," बाबा म्हणाले. "आधी बस."