प्रेशरचा खेळाडू

तालमीच्या कट्ट्यावर माझा विषय निघाला की माझ्या घराच्या भिंती आत सरकतात. 'रंगा इंगवले प्रेशरचा खेळाडू नव्हता' असं कुणी ठासून म्हटलं तर वीतभर सरकतात. 'काय सांगता येत नाही बुवा' म्हटलं तर बोटभर. कुणी माझी बाजू घेतली तर तेवढ्यापुरत्या थांबतात. मागे मात्र कधीच जात नाहीत.

मी खेळणं सोडलं तेव्हापासून हे चालू आहे. आमच्या कोल्हापुरात पेठेगणिक तालीम आणि तालमीगणिक फुटबॉलची टीम असते. मी चिंचेखालच्या तालमीचा सेंटर हाफ होतो. मागून आलेला बॉल माझ्याकडे यायचा आणि तो पुढे कुणाकडे जायचा हे मी ठरवायचो. माझी शेवटची फायनल कमानीकडच्या तालमीशी झाली. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. मी बॉल घेऊन त्यांच्या गोलासमोरच्या डीत घुसलो. त्यांचे दोन्ही बॅक आणि कीपर माझ्या अंगावर आले. डावीकडे आमचा फॉरवर्ड बजरंग चौगुले एकटा उभा होता आणि त्याच्यासमोर गोल रिकामा होता. मी त्याला पास दिला. त्यानं बॉल गोलाच्या वरून प्रेक्षकांत मारला. त्यानंतरच्या गोलकिकनं निघालेला बॉल आमच्या गोलात जाऊनच थांबला आणि कप कमानीकडच्या पेठेत गेला.

बजरंगचं म्हणणं असं, की शॉट मी मारायला पाहिजे होता. मी भ्यालो आणि भीती त्याच्या पायात ढकलून दिली. चहाचा पहिला घोट पोटात गेला की तो हे म्हणणं मांडतो. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. भाव विचारल्यावर व्यापारी सांगतो तसं सांगतो.

माझी बाजू शौकत मुजावर घेतो. तो आमचा कीपर होता. पावसात घोटा सुजलेला असताना मी सेमीफायनल कशी ओढून काढली, हे तो सांगतो. मग बजरंग म्हणतो, "ती सेमी झाली. फायनलचं बोल." शौकत दुसरी मॅच काढतो. बजरंग म्हणतो, ती मैत्रीपूर्ण होती. बाकीचे चहा पीत कधी इकडं, कधी तिकडं मान हलवतात. ज्यांनी मला खेळताना पाहिलंच नाही, तेही आता दोन्ही बाजूंनी बोलतात.

घरात पहिल्यांदा पंखा अडकला. त्याचं पातं भिंतीला घासायला लागलं. मी तिन्ही पाती कापून आणली. पुढं पलंग कापला. कपाटाचं एक दार उघडेनासं झालं तेव्हा माझी बायको वैजयंता त्या बाजूचे कपडे विसरून गेली. आमच्या घरातून गेलेली जागा शेजारच्या पोवारांना मिळत होती. त्यांचं अंगण रुंद होत गेलं. त्यांनी तिथं मोगरा लावला, मग झोपाळा टांगला. दिवाळीला ते फराळाचं ताट घेऊन आले आणि म्हणाले, "इंगवले, तुमच्यामुळं बरं चाललंय."

वैजयंतानं कधी तक्रार केली नव्हती. पण एके सकाळी कणीक मळताना तिचं कोपर भिंतीवर आपटलं आणि परात खाली पडली. ती पीठ भरत भरत म्हणाली, "एकदा जाऊन सांगा की त्यांना."

मी कट्ट्यावर गेलो. मला पाहून सगळे सरकले. शौकतनं माझ्यासाठी चहा सांगितला. मी भिंतींचं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणाला आश्चर्य वाटलं नाही, कुणी हसलंही नाही. घरं अशानं लहान होतात हे त्यांना माहीत असावं. मी म्हणालो, माझ्याविषयी बोलायचं तर माझंही ऐका, त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे.

बजरंगनं कप खाली ठेवला.

"रंगा, तसं चालत न्हाई. ज्याच्यावर चर्चा असती त्याला मत नसतं."

"मग थांबवा चर्चा."

"तू उठ आता. तू असलास की मोकळं बोलता येत न्हाई."

मी शौकतकडं पाहिलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. काळजी करू नको, मी आहे ना, असं म्हणाला. मी पाठ फिरवताच मागं वाद सुरू झाला. पावलागणिक तो मला ऐकू येत होता. घरी पोचलो तेव्हा दारातून आडवं होऊन आत जावं लागलं.

वैजयंता माहेरी, मुरगूडला निघाली होती. तिची बॅग दारातून बाहेर निघेना. मग ती बाहेर उभी राहिली आणि मी एकेक साडी खिडकीतून तिच्या हातात दिली. ती साड्या खांद्यावर टाकत होती. शेवटची साडी घेताना ती म्हणाली, "तुम्ही प्रेशरमधी कसं खेळत होता ते मला ठाऊक न्हाई. मला कधी नेलंच न्हाई मॅचला."

"तुला काय वाटतं?"

तिनं थोडा विचार केला. खरंच विचार केला.

"मला काय वाटलं तर भिंत सरकंल," ती म्हणाली आणि खांद्यावर साड्यांचा ढीग घेऊन स्टँडकडं चालायला लागली.

त्या दिवसापासून मला राग येणं बंद झालं. राग पसरायला जागा लागते आणि घरात ती नव्हती. तो आत एका जागी घट्ट बसला. मी गुडघे पोटाशी घेऊन बसायचो, मान एका बाजूला कलती ठेवायचो आणि विचार करायचो. विचार एकच होता. भिंती माझ्या आहेत. त्या बोलण्यानं सरकतात. बोलणारे मात्र मोकळ्या हवेत, चिंचेच्या सावलीत बसतात.

मी पुन्हा कट्ट्यावर गेलो आणि सगळ्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. म्हणालो, मटण आहे. विषय एकदाचा मिटवून टाका, माझ्या घरातच बसा. मी बाहेर थांबतो, तुम्हाला मोकळं बोलता येईल. बजरंगला हे पटलं. नियमाला धरून आहे, असं तो म्हणाला. शौकतनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली.

मटण मी पोवारांच्या चुलीवर शिजवलं, कारण माझ्या स्वयंपाकघरात आता पातेलं मावत नव्हतं. दुपारी सगळे आले. चपला बाहेर काढल्या आणि एकापाठोपाठ एक आत गेले. ज्या दारातून मला आडवं व्हावं लागायचं, त्यातून ते छाती पुढं काढून सरळ आत गेले. त्यांच्यापुरतं घर अजून पूर्वीएवढंच होतं. पुढच्या सोप्यात जमखाना अंथरलेला होता आणि त्यावर सगळे ऐसपैस बसले. बजरंगनं वर पाहिलं, खाली पाहिलं.

"प्रशस्त हाय की," तो म्हणाला.

मी ताटं वाढली. रस्सा फिरवला. मग दार ओढून घेतलं आणि बाहेर खिडकीपाशी, पोवारांच्या मोगऱ्याशेजारी उभा राहिलो. दाराला कडी लावली नाही. तशी गरज नव्हती. आमचं दार आत उघडतं.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी सुरुवात केली. शौकतनं सेमीफायनलपासून सुरू केलं. बजरंग म्हणाला, "फायनलचं बोल." मग तो फायनलचं बोलला. पहिल्या वितीला कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वितीला एकानं शेजाऱ्याला जरा सरकून घ्यायला सांगितलं. ताटं एकात एक रचली गेली. मांड्या मोडून गुडघे वर आले. पण वाद रंगला होता आणि वाद रंगला की माणूस पायाला मुंग्या आल्या तरी उठत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. थोड्या वेळानं ते उभे राहिले, कारण बसायला जागा उरली नाही. उभे राहूनही बोलत होते. नंतर कुणीतरी दार ओढलं. ते त्याच्याच पोटाला लागून थांबलं.

"रंगा, दार उघड."

"ते आत उघडतंय. मागं सरका."

मागं सरकायला जागा नव्हती. ते गप्प झाले. गप्प झाल्याबरोबर भिंतीही थांबल्या. मला त्यांचे श्वास ऐकू येत होते, सगळे एकदम आत, सगळे एकदम बाहेर. आणखी थोडा वेळ ते गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. दार काढता आलं असतं, कौलं उतरवून त्यांना वर ओढता आलं असतं.

"बजरंग," मी खिडकीतून म्हणालो. "मी भ्यालो होतो का?"

आतून कुणीतरी म्हणालं, नको विचारू. बजरंग पलीकडच्या भिंतीला टेकलेला होता. माणसांच्या डोक्यांमधून मला त्याचा अर्धा चेहरा दिसत होता.

"भ्यालास," तो म्हणाला.

भिंती सरकल्या. रचलेली ताटं चेपल्याचा आवाज झाला.

"नव्हतो असं म्हण. थांबतील."

सगळे त्याला विनवायला लागले. एकानं त्याला त्याच्या मुलींची आठवण करून दिली. शौकतचा हात दोन माणसांच्या मध्ये अडकला होता. तो म्हणाला, "बजरंग्या, म्हण की. तुझं काय जातंय?"

"खोटं कसं म्हणू?"

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं. त्याचा गाल आता भिंतीला चिकटला होता, त्यामुळं शब्द एका बाजूनं येत होते. पण शब्द तेच होते. मला वाटलं होतं तो ओरडेल, रडेल, माझ्या नावानं शपथा घेईल. त्यासाठीच मी मटण शिजवलं होतं.

मग मी शौकतला हाक मारली. त्याच्या बोलण्यानं भिंती थांबायच्या, आणि मला त्यांना थोडी उसंत द्यायची होती. उसंतीनंतरचा दाब जास्त कळतो.

"शौकत, तू सांग सगळ्यांना. तू मागून बघत होतास."

 शौकतच्या कपाळावरचा घाम पुढच्या माणसाच्या मानेवर गळत होता.

"सांग की."

"रंगा, मी लांब होतो," तो म्हणाला. "मैदानाच्या त्या टोकाला. पुढं चिखल उडत होता. मला काय दिसलंच न्हाई."

"मग इतकी वर्षं?"

"तुझ्या बाजूनं कोणतरी पाहिजे म्हणून."

भिंती इतक्या एकदम कधीच आल्या नव्हत्या. खिडकीची काच तडकली आणि चौकट आवळून तिची फट झाली. आतलं कुणी दिसेनासं झालं. घर आता बाहेरून एखाद्या उभ्या कपाटाएवढं होतं आणि पोवारांचं अंगण त्याच्या चारी बाजूंनी पसरलं होतं. पोवार झोपाळ्यावरून उठले, नव्या जमिनीवर थोडं चालून आले आणि पुन्हा बसले.

 मला वाटलं, संपलं. मग फटीतून बजरंग बोलला.

"गोल रिकामा होता, रंगा. वरनं मी मारला. ते माझं. रोज घेऊन झोपतो मी ते. तू भ्यालास, ते तुझं."

आवाजात थरथर नव्हती. श्वास घ्यायला जागा नव्हती, तरी तो कट्ट्यावर चहा पिताना बोलायचा तसाच बोलत होता. कमानीकडची अख्खी पेठ अंगावर ओरडत असताना एखाद्यानं असा आवाज काढला असता, तर त्याच्याविषयी कुणी कधी वाद घातला नसता.

वाक्य पुरं झाल्यावर मी भिंत सरकायची वाट पाहिली. ती सरकली नाही. पहिल्यांदाच तसं झालं. बहुतेक तिचं काम संपलं होतं किंवा ती माझ्यासाठी थांबली होती.

मी जवळ गेलो आणि तिला दोन्ही तळहात लावले. इतक्या वर्षांच्या सरकण्यानं ती झिजून पापडाएवढी पातळ झाली होती. आतली ऊब बाहेर येत होती. मग पलीकडून, नेमक्या माझ्या उजव्या तळहाताच्या जागी, कुणीतरी आपला तळहात टेकवला. तो शौकतचा होता की बजरंगचा, ते कळत नव्हतं. बोटाला बोट लागत होतं. हात ढकलत नव्हता. नुसता होता.

मी पाय रोवले, खांदा खाली घेतला आणि भिंत आत रेटली.