आतली कडी

आमच्या वस्तीत दारांना आतून कडी नसायची. ज्याच्या मनात पाप नाही त्याला कडी कशाला, असं वस्तीचे प्रमुख म्हणायचे. त्यांना आम्ही थोरले म्हणत असू. कुणी आलं की बाहेर उभं राहून खाकरायचं आणि आतल्या बाईने कोण आहे हे न विचारता "या, दार उघडंच आहे" म्हणायचं. झोपेत असो, अंघोळीला बसलेली असो, रडत असो. एकदा मी गप्प राहिले, तर आठवडाभर वस्तीत माझ्याशी कुणी बोललं नाही. आईसुद्धा.

थोरल्यांच्या स्वतःच्या दाराला मात्र कडी होती, चांगली जाडजूड. ती का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. माझी लेक वयात आली आणि तिला थोरल्यांच्या घरी सेवेला पाठवायचं ठरलं, तेव्हा मला ती कडी आठवली. त्याच आठवड्यात लेकीचा हात धरून मी वस्ती सोडली.

आता आम्ही दोघी शहरात, एका इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. इथल्या दाराला आतून कडी आहे. पहिल्या दिवशी लेक तिच्याशी इतकी खेळली की शेजारीण ओरडत आली. मी मात्र कडी लावायची विसरते. विसरते म्हणजे काय, माझा हातच जात नाही तिकडे.

काम मिळालं ते हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, चादरींच्या घड्या घालायचं. पावडरीच्या वासाने तिथे सगळ्याच खोकतात आणि कुणी खाकरलं की माझ्या तोंडून "या" निघतं. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "कुठे येऊ?" झालं, माझं नाव याबाई पडलं. मुद्दाम खाकरतात मेल्या, आणि हसून हसून लोळतात. मीही हसते. पण प्रत्येक वेळी आधी दाराकडे बघते.

शुक्रवारी मुकादमबाईंनी मला बाजूला घेतलं.

"याबाई, फाटकावर दोन माणसं आली होती. पांढरे कपडे, पायात काही नाही. एक बाई आणि मुलगी शोधतायत. वॉचमनने हाकललं त्यांना. तुझी कोण?"

"कुणी नाही."

"मग हातपाय का कापतायत? हे बघ, मला काही सांगू नकोस. घरी गेलीस की कडी लावून बस."

घरी गेले, कडी लावली. शनिवारीही लावली. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारी दुपारी भाजी घेऊन आले तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या. आत शिरले आणि पायाने दार नुसतं लोटलं.

लेक जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. मी पिशवी रिकामी करत होते. अनवाणी पावलं जिन्यावर वाजत नाहीत. दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

"या, दार उघडं..."

लेकीची पेन्सिल थांबली. मी तोंडावर हात मारला, पण शब्द जायचा तो गेला होता.

पुन्हा खाकरणं. कोरडं, आणि मग एक छोटा आवंढा. हजारांत ओळखलं असतं मी. माझी आई होती ती. परक्या बाईच्या दाराशी पुरुषांनी जायचं नाही, आधी बाईला पुढे घालायचं, ही वस्तीची रीत. म्हणजे फाटकावरची ती दोन माणसं खाली जिन्यातच होती.

"मी आहे," आई अगदी हळू म्हणाली. "खाली दोघं उभे आहेत, दारोदार शोधतायत. इथल्या दारांना आतून कडी असते म्हणतात. आहे का गं?"

"आहे."

"मग घाल की, बये!"

घाईत ओढली तशी कडी अर्ध्यातच अडकली. खालून आवाज आला, "कोण आहे वर?" लेक झटकन उठली, तिने खांद्याने दार रेटलं आणि कडी बसवली. तेव्हा कुठे मला भान आलं.

"तू ये ना आत," मी फटीला तोंड लावून म्हणाले. "उघडते मी. पटकन ये."

"मी आत आले तर ते दार फोडतील. पोरीला सांभाळ."

मग तिने दार गदागदा हलवलं आणि मोठ्याने ओरडली, "परकीच कुणीतरी आहे! आतून कडी घालून बसलीये. माझी लेक मरेल, पण कडी घालायची नाही!"

दारावर एक जड हात पडला. कडी खडखडली. मी लेकीला छातीशी घट्ट धरलं.

"परकीच," पुरुषाचा आवाज आला. "आपल्यातली नाही."

पावलं वाजलीच नाहीत, त्यामुळे ते गेले की दाराशी टपून बसलेत, काही कळेना. मग खूप खालून, रस्त्याकडच्या दारापासून, आई एकदा खाकरली. ते गेले होते, आणि ती त्यांच्याबरोबर गेली होती.

लेक माझ्याकडे बघत होती. जन्मभर नको तेव्हा जो शब्द तोंडातून निघाला, तो आता आईला ओरडून म्हणावा म्हणून माझा जीव तुटत होता. आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते.