सेल्माच्या पाईवरची पाने

मित्रांनो, मी एक जुने कातणे आहे, आणि मी रागावलेलो आहे. तुमच्याकडे ज्याने करंजीची कड कापतात ना, तसाच मी. पितळी नागमोडी चाक आणि मेपलच्या लाकडाची मूठ. मिनेसोटातल्या एका गावी एका कासाराने मला घडवले आणि लेकीच्या लग्नात तिच्या हाती दिले. त्या लेकीचे नाव सेल्मा.

सेल्मा हॅल्वरच्या शेतावर नांदायला आली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे सुगीनंतर आभार मानण्याचा सण आला की ती सफरचंदाची पाई करी, भट्टीत भाजलेली ताटाएवढी करंजीच म्हणा ना. पारी लाटायची, सारण भरायचे, वरून दुसरी पारी झाकायची आणि मग मला हातात घ्यायचे. शेजारच्या नव्या सुना शिकायला येत. ती त्यांना सांगे, "पहिल्याच वर्षी वर पारीच्या पट्ट्यांची जाळी विणायला जाऊ नका गं, रडाल. आधी काट्याने कड दाबा. मग उरलेल्या पारीची पाने कापा, सुरीच्या पाठीने शिरा ओढा, दुधाचा हात लावा आणि चिकटवा. झालं!"

पाई मेजावर आली की सगळे म्हणत, "वा, काय वास सुटलाय!" आणि सुरी घालत. पानांकडे बघायला कुणाला सवड होती? हॅल्वर तर पहिला घास तोंडात घालून हवामानावर बोलू लागे. मी खणात पडल्या पडल्या दात खायचो. पितळेचे का होईनात, दात मला आहेत!

मग एका वसंतात सेल्मा गेली. तिचा मुलगा रसेल शहरातून आला, त्याने घर आवरले आणि मला कशासाठी वापरले असेल? भिंतीवरचा जुना कागद उचकटायला! माझ्या दातांत खळ आणि चुना भरला. न धुता त्याने मला हत्यारांच्या पेटीत फेकले. मी गंजलो नाही, पितळ गंजत नाही. पण आतून हिरवा पडलो.

सण जवळ आला तेव्हा रसेलचा फोन आला. "बाबा, या वेळी पाई मी दुकानातून आणतो. तुम्ही कशाला उगाच पसारा घालता?"

"माझ्या घरी दुकानाची पाई येणार नाही!" हॅल्वर ओरडला आणि त्याने फोन आपटला.

त्याने पेटी उपसून मला शोधले आणि गरम पाण्यात घासले. मग शेजारच्या एमिलला बोलावले. एमिल म्हणजे एकटा जीव, दर थँक्सगिव्हिंगला याच घरी जेवणारा. दोघा म्हाताऱ्यांनी पारी लाटली. ती फाटली. पुन्हा लाटली.

"अरे, गोठ्याचं दार करतोयस का? पातळ कर!" एमिल म्हणाला.

"तूच कर मग, आलाय मोठा आचारी!"

कशीबशी पाई झाकली. हॅल्वरने मला उचलले आणि तो थबकला. "एमिल, ती वर काय काढायची रे?"

मित्रांनो, त्या क्षणी मला त्याच्या बोटाला चावावेसे वाटले. इतकी वर्षे ज्याच्या पुढ्यात पहिला तुकडा पडला, त्यालाच ठाऊक नाही!

एमिल म्हणाला, "सफरचंदाची पानं. मध्ये झुबका आणि कडेला वेणी. एक पान कायम वाकडं असायचं."

"तुला कसं माहीत?"

"मला वर्षातून एकदाच मिळायची ना. बघून बघून खायचो."

हॅल्वर खुर्चीत बसला. मग उठून त्याने पाने कापली, एमिलने सुरीच्या पाठीने त्यांवर शिरा ओढल्या. वेणी काही जमेना, तेव्हा कड काट्याने दाबली.

सणाच्या दिवशी रसेल आला. पाई एका बाजूने करपली होती, मधोमध फुटली होती. तो हसला. "बाबा, हिच्यावरून ट्रॅक्टर गेला का?"

हॅल्वरने मेजावर मूठ आपटली. "आईच्या पाईवर काय असायचं, सांग. मग सुरी लाव."

"असायचं काहीतरी... फुलं?"

"फुलं! मलाही नाही सांगता आलं, रसेल. तिच्या नवऱ्याला नाही, मुलाला नाही. आणि शेजाऱ्याला पाठ!"

रसेलने सुरी खाली ठेवली. ताट जवळ ओढून त्याने एका पानाच्या शिरेवरून बोट फिरवले. हळूच विचारले, "या कशाने काढल्या?"

"सुरीच्या पाठीने," एमिल म्हणाला.

"काप आता," हॅल्वर डोळे पुसत खेकसला, "गार होतेय."

सगळ्यांना वाटले, बरे झाले, गोड झाले. मला नाही वाटले. हा प्रश्न सेल्माच्या कानी पडायला हवा होता, आणि ती तर टेकडीवरच्या दफनभूमीत होती. तिला त्याचा काय उपयोग?

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हा हत्यारांना वापरून झाले की धुवा, पुसा, भलत्या कामाला लावू नका. पण ते नंतर. तुमच्या घरी या घडीला कुणी करंजीला मुरड घालत असेल, तर उठा. तिच्याजवळ जाऊन उभे राहा आणि ती मुरड कशी पडते ते बघा. तिला ऐकू येते आहे तोवर विचारा.