जांभळा रंग जाताना

जांभळ्या रंगात कॉस्टिक सोड्याचा क्षार ओतला की रंग विरत जातो. कोलकात्याच्या आमच्या कॉलेजात दुपारचं ऊन प्रयोगाच्या काचपात्रातून टेबलावर उतरे आणि ते जांभळं ऊन फिकं होताना बघून मला गुंगी येई. माझ्या मैत्रिणीला, पूर्बीला मात्र रडू येई. गेल्या वर्षी ती याच प्रयोगात नापास झाली होती. यंदाही झाली, तर एम.एस्सी. सोडून कूचबिहारला परत जावं लागणार होतं.

उद्यावर परीक्षा, आणि रंग किती वेळात किती उतरतो याचा तिचा आलेख आजही वाकडाच; यायला हवी सरळ रेष.

"क्षार किती घेतलास?" मी विचारलं.

"रंगाइतकाच. दोघांना सारखं."

"ही काय भावाभावांची वाटणी आहे?"

"मग एकालाच जास्त का द्यायचं, शमिता?"

हिच्यापुढे डोकं फोडून उपयोग नव्हता. मेसमध्ये माशाचा तुकडा कुणाला लहान आला, तर ही स्वतःचा बदलून देणारी! त्या दुपारीही ठाकूरनं, म्हणजे आमच्या स्वयंपाक्यानं, प्रत्येकीला एकेक तुकडा वाढला. भाताचं पातेलं मध्ये होतंच.

"पूर्बी, तुझं जेवण कधी आटपतं?"

"मासा संपला की."

"आणि भात?"

"भात कोण मोजतं गं!" म्हणाली आणि तिचा हात ताटातच थांबला. "म्हणजे क्षार इतका घालायचा, की तो कमी झालेला कळूच नये? मग उरेल फक्त रंगाचा हिशेब?"

"पडला एकदाचा उजेड, गाढवे!"

परीक्षेत तिनं भरपूर क्षारात थेंबभर रंग सोडला. शेजारच्या टेबलावरून मी माझं काम विसरून बघत राहिले. रंग निम्मा झाला, मग तेवढ्याच वेळात निम्म्याचा निम्मा. खोलीतले आवाज कुठेतरी लांब गेले होते. तिचे बिंदू एका रेषेत बसत होते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेख उचलला. "समीकरणात क्षार दिसत नाही. तो काय नुसता बघत बसला होता?"

पूर्बीनं आलेखावरच्या रेषेकडे एकदा बघितलं.

"नाही सर," ती हळूच म्हणाली. "दुप्पट घातला तर रंग दुप्पट वेगानं जाईल. वेगाच्या स्थिरांकात तोच आहे. कमी होत नाही, म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही."

परीक्षकांनी आलेखावर 'पास' लिहून सही केली. पूर्बी रडली नाही. माझेच डोळे भरून आले आणि समोरचं सगळं जांभळं दिसायला लागलं.