तपासनीस बाई झोपल्या

त्या मंगळवारी मायलेकींचं वाजलं ते अनुदानाच्या अर्जातल्या एका ओळीवरून. वाजलं म्हणजे काय, आई मटार सोलत होती आणि लेक लॅपटॉप पुढ्यात घेऊन तिच्यावर वैतागत होती.

आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरी धुवून निवृत्त झालेली. घरी बसली आणि आठ दिवसांत कंटाळली. मग चार बायका जमवून तिने एक काम काढलं. नुकतीच बाळंत झालेली, घरात दुसरं माणूस नसलेली बाई शोधायची आणि आठवड्यातून तीन दुपारी तिच्याकडे जायचं. एकीने बाळ घ्यायचं, दुसरीने भांडी आणि धुणं बघायचं आणि बाळाच्या आईने दार लोटून दोन तास झोपायचं. बस, एवढंच. आता संस्थेला नाव होतं, शिक्का होता, एका शिंप्याच्या दुकानावर भाड्याची खोली होती. तिचा करार महिना-दोन महिन्यांत संपणार होता. माता-बालआरोग्यासाठी छोट्या संस्थांना मिळतं ते अनुदान आलं तर पुढचं वर्ष निघणार होतं, नाहीतर खोलीला कुलूप.

अर्जात विचारलं होतं, आपण नेमके काय करता?

"लिही," आई म्हणाली, "आम्ही बाईला झोपू देतो."

लेक कॉलेजात ग्रंथपाल. असलं वाक्य सरकारदरबारी पाठवायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा. तिने टाइप केलं, 'प्रसूतिपश्चात मातांना विश्रांतिविषयक साहाय्य', आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"हा रोग आहे की औषध?" आईने विचारलं, आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की मांडीवरचं ताट कलंडून मटार कपाटाखाली गेले. पंडितीणबाईंना गुडघे टेकून ते काढावे लागले. पंडितीणबाई हे आईने लेकीला शाळेत असताना ठेवलेलं नाव. अर्ज शेवटी गेला तो पंडितीणबाईंच्याच भाषेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एका बाळंतिणीच्या घरून परतताना, बसथांब्यावरच्या बाकावर आई गेली. शेजारच्या बाईला वाटलं डुलकी लागलीय, म्हणून तिने आपली पिशवी मांडीवर घेऊन जागा करून दिली. लेकीला पुढे हे कितीदा आठवलं, आणि दर वेळी त्या अनोळखी बाईबद्दल माया वाटली.

दीड महिन्याने निरोप आला की संस्थेची तपासणी होणार. लेकीने रजा टाकली, तक्ते काढले, फायली लावल्या. धाकट्या मावशीला, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीला, बजावलं की येणाऱ्या मॅडमना अहो-जाहो कर. आईने जमवलेल्या चौघींतल्या कंडक्टर मावशींना तर हात जोडून सांगितलं की तुम्ही शक्यतो बोलूच नका. कंडक्टर मावशींची उभी हयात बसमध्ये गेलेली. अजूनही त्या समोरच्याशी बोलायच्या ते मागच्या सीटवरच्यालाही ऐकू जावं असं.

तपासनीस बाई अकराच्या ठोक्याला आल्या. तिशीतल्या, हातात जाड फाइल, अंगातला शर्ट उलटा, शिवणी बाहेर. लेकीच्या हे लक्षात आलं नाही. दोघी मावशींनी ते जिन्यातच पाहिलं.

"बाळ केवढं?" कंडक्टर मावशींनी विचारलं.

बाई चपापल्या. चार महिन्यांचं, म्हणाल्या. पुढच्या दोन मिनिटांत बाकीचंही निघालं. बाळ पाळणाघरात, नवरा परगावी, रात्री पाच-पाच वेळा उठणं, आणि आज अजून दोन संस्था बघायच्या होत्या. लेक तक्ता उघडून उभीच. धाकटी मावशी म्हणाली, चहा होईतो आतल्या खाटेवर पाठ टेका. बाई नको नको म्हणत टेकल्या. चहाला उकळी फुटायच्या आत त्या घोरायला लागल्या.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. लेक उठली, तर कंडक्टर मावशी दारात खुर्ची टाकून बसलेल्या.

"मावशी, त्यांना उठवायला हवं. तपासणीला आल्यात त्या."

"झोपलेल्या आईला उठवायचं नाही. तुझ्याच आईचा नियम आहे."

"अहो, अनुदान जाईल."

"जाईना का. एवढ्यासाठी नियम मोडला तर ते मागायचं तरी कशासाठी?"

धाकट्या मावशीने तोवर फाइलवरचे नंबर बघून उरलेल्या दोन्ही संस्थांना कळवून टाकलं की मॅडम एका महत्त्वाच्या बैठकीत आहेत. हे अगदीच खोटं नव्हतं, फक्त बैठक आडवी होती. लेकीला हसू आवरेना. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली, तोंडावर ओढणी दाबून.

मग दाराच्या फटीतून तिला तो झोपलेला चेहरा दिसला, तोंड थोडं उघडं, एक हात खाली लोंबणारा. नऊ वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच झोपली होती. आईने धुलाईखान्यातून रजा काढली होती आणि काही न विचारता बाळ उचललं होतं. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. इतकी पुस्तकं वाचून तिला त्यासाठी एक वाक्य सापडलं नव्हतं.

बाई सव्वाला उठल्या, घड्याळ बघून कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच हसत सुटल्या. धाकट्या मावशीने शर्टाचं कानात सांगितलं. तो सुलटा करून, दोन कप चहा पिऊन त्यांनी फाइल उघडली.

"ते विश्रांतिविषयक साहाय्य काल तीनदा वाचलं, तरी कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज कळलं."

पण स्वतःची झोप काही अहवालात लिहिता येणार नव्हती. तिथे एका आईचा अनुभव हवा होता, तिच्याच शब्दांत, आणि आज संध्याकाळपर्यंत. समितीत तेवढं एकच पान नीट वाचलं जातं, बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. मावशी एकमेकींकडे बघू लागल्या. आईने कुणाकडून कधी दोन ओळी लिहून घेतल्या नव्हत्या. झोपायला गेलेल्या बाईकडून पावती कसली घ्यायची, म्हणायची. बाळंतिणींपैकी एकीचा फोन लागेना, दुसरी गाव सोडून गेलेली.

लेकीने तक्ते बाजूला सारले आणि खुर्ची ओढली.

"माझं लिहा."

धाकट्या मावशीच्या हातातला कप तसाच राहिला.

"मुलगी झाली तेव्हा मला तिला हात लावायची भीती वाटायची. माझ्या हातून तिचं बरंवाईट होईल असं वाटायचं, आणि एकदा झालंच असतं. मी कुणाला सांगितलं नाही. आई आली, तिने बाळ घेतलं आणि म्हणाली, जा, झोप. महिनाभर रोज. आज ती मुलगी चौथीत आहे आणि मला उलट उत्तरं देते."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. यातलं किती घेऊ, त्यांनी विचारलं.

"सगळं घ्या," ती म्हणाली. मग कुणाकडेच न बघता, पण कंडक्टर मावशींसारख्या, मागच्या सीटवरही ऐकू जाईल अशा आवाजात:

"आई, तू मला वाचवलंस गं."